दुसरं बटण

१४ मार्च १९९३

ताई, नमस्कार.

परवा शेजारणीच्या फोनवर तू नुसती रडत होतीस आणि मी नुसता "हो, हो" करत होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तू विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर मी दिलं नाही. म्हणून लिहितोय.

काय झालं ते सरळ सांगतो. आमच्या चार नंबरच्या प्रेसवर बिजागऱ्या निघतात. बाई पत्र्याची पट्टी साच्यात सरकवते, दोन्ही हात बाहेर घेते आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबते. तेव्हाच प्रेस खाली येतो. हात आत राहूच नये म्हणून ही दोन बटणं. त्या दिवशी दुसरं बटण आतल्या आत निकामी झालेलं होतं. बाईचा डावा हात साच्यात असताना उजव्या हाताचा धक्का बसला आणि प्रेस खाली आला. तीन बोटं गेली.

बटणं तपासणं हे मेन्टेनन्सचं काम. मेन्टेनन्सचे फोरमन भावोजी. वहीत आदल्या दिवशीची त्यांची सही आहे, "तपासले, ठीक आहे" म्हणून. आता यावर मी काय बोलणार? माझ्यापरीने केलं तेवढं केलं. मोठे साहेब पोलिसात द्यायला निघाले होते. मी मध्ये पडलो, राजीनाम्यावर भागवलं. क्वार्टर आठ दिवसांत सोडायला लागलं हे वाईट झालं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

सहा महिने कळ काढा. प्रकरण थंड झालं की मी त्यांना परत आत घेतो. मला मशीनचा आवाज ऐकून दुखणं ओळखायला त्यांनीच शिकवलं, हे मी विसरलेलो नाही.

भावोजी तुला काही बोलले का? नसतील तर तू विषय काढू नकोस. आधीच माणूस खचलाय.

तुझा,
छोटू


२ एप्रिल १९९३

चि. छोटूस,

तुझं पत्र आलं आणि चार दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवले. आईच्या माघारी मी तुझी वेणीफणी सोडून सगळं केलं असं सगळे म्हणायचे, आता तू माझं केलंस. तू नसतास तर हे आज कुठे असते, विचारसुद्धा करवत नाही.

इथे टायरच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्यात. खाली दिवसभर हवा भरायचा पंप धडधडतो, तेवढीच काय ती कारखान्याची आठवण. यांना एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम मिळालंय. जळालेल्या मोटारींची तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. बावीस वर्षं ज्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती ते आता स्टुलावर बसून तार गुंडाळतात.

तू नको म्हणालास तरी मी विचारलंच. राहवलं नाही. म्हटलं, "बटण बिघडलंय हे तुम्हाला दिसलं नाही का?"

म्हणाले, "दिसलं होतं."

"मग?"

"मग काय."

बस, एवढंच. दिसलं होतं म्हणतात, छोटू! दिसूनही सही केली. मी या माणसाला इतकी वर्षं देवासारखा सरळ समजत होते. घरातला साधा दिव्याचा खटका सैल झाला तरी जेवणावरून उठून घट्ट करणारा माणूस, आणि तिथे एका बाईचा हात जाईपर्यंत स्वस्थ बसला.

त्या बाईचं कसं आहे? तिला मुलं आहेत ना?

ताई


२० ऑगस्ट १९९३

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. रोज सकाळी आठला मीटिंग असते. भिंतीवर फळा आहे, डावीकडे ठरलेले नग, उजवीकडे निघालेले नग. उजवा आकडा लहान असला की मोठे साहेब काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. तू मला शाळेत उशिरा सोडलंस की मास्तर बघायचे तसे. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे काय, तर वरच्याने खाली बघायचं आणि खालच्याने वर, आणि दोघांनाही मध्ये मीच दिसायचा.

ती बाई कामावर परत आली आहे. तिला स्टोअरच्या खिडकीत बसवलंय, हातमोजे आणि हत्यारं द्यायला. कायम केलंय तिला. मीच शब्द टाकला. दोन मुलं आहेत, नवरा नाही.

भावोजींचं मात्र जमत नाहीये. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मोठ्या साहेबांनी हात झटकले. जरा थांबावं लागेल.

आणि ताई, त्यांना घालूनपाडून बोलू नकोस गं. झालं ते झालं. माणूस आहे, होतं.

छोटू


९ नोव्हेंबर १९९५

चि. छोटूस,

तुला लिहून किती दिवस झाले ते मोजतही नाही. तू तरी कुठे लिहितोस? पेपरात तुमच्या कारखान्याचा फोटो आला होता, उत्पादनाचा विक्रम केला म्हणून. मागच्या रांगेत तू उभा होतास. टक्कल पडायला लागलंय तुला. कात्रण कापून ठेवलंय.

आज मन मोकळं करायला लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

गेल्या आठवड्यात चुलत नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत कुणीतरी यांना विचारलं, "एवढी चांगली कंपनी का सोडलीत?" हे नेहमीसारखे गप्प. मला काय झालं कोण जाणे. अडीच वर्षांचं साचलेलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सोडली नाही, काढलं. एका गरीब बाईचा हात खाल्लाय यांनी."

हे पानावरून उठले, नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मग तसेच बस धरून घरी आले. मी दुसऱ्या दिवशी पोचले, तर मुलीने दार उघडलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आत निघून गेली. अजून बोलत नाही. तिला बाप लागतो नुसता. मला म्हणते, "तू बाबांना एकदा तरी पूर्ण विचारलंस का?" आता पूर्ण म्हणजे आणखी काय विचारायचं? ते स्वतःच्या तोंडाने दिसलं होतं म्हणालेत.

मी वाईट बोलते हे मला कळतं रे. सकाळी ठरवते, आज तोंड बंद. आणि संध्याकाळी हे दारात येऊन चपला काढतात ना, एकाला एक लावून, अगदी नीट, ते बघितलं की डोकं फिरतं. चपला नीट ठेवता येतात, मग ते बटण का नाही नीट बघता आलं?

एकदा येऊन जा. अडीच वर्षांत तू पाऊल टाकलेलं नाहीस. तुझं ऐकतील ते.

ताई


३ डिसेंबर १९९५

ताई,

पत्र वाचून दोन दिवस काम सुचलं नाही. असं चारचौघांत बोलू नकोस. भावोजी वाईट नाहीत. तुला वाटतं तितके तर मुळीच नाहीत.

खाली एक ओळ लिहून खोडली आहे. ती उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, मी चांगली गिरवून खोडली आहे.

येणं जमत नाही. नवी लाईन बसते आहे, तीन पाळ्या चालू आहेत. पुढच्या वर्षी नक्की.

मुलीला आशीर्वाद. ती म्हणते ते

मुलीला आशीर्वाद.

छोटू


११ जून १९९९

छोटू,

काल दुपारी तुमच्याकडचा वायरमन आला होता. तो उंच, जरा बोबडं बोलणारा. त्याची मुलगी याच गावात दिली आहे. आता रिटायर झालाय. यांच्या दुकानात चौकशी करून घर शोधलं त्याने. हे एक मोटार पोचवायला गेले होते. मी चहा टाकला.

तो कपाला हात लावेना. म्हणाला, "वहिनी, सहा वर्षं पोटात ठेवलंय, आज फोरमनसाहेबांसमोर ओकून जायचं म्हणून आलो. त्या दुसऱ्या बटणाची वायर मीच सोडवली होती. एकाच बटणावर प्रेस चालेल असं मीच करून दिलं."

मी म्हटलं, "आणि यांनी करू दिलं?"

"यांनी? फोरमनसाहेबांनी तर नाही म्हणून सांगितलं. वहीत लिहून दिलं की प्रेस असा चालवू नये. मग धाकट्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, चारच दिवस, ऑर्डर गेली की परत जोडू. एक हात मोकळा राहिला की तासाला चारशेचे सहाशे नग निघतात, म्हणाले."

"धाकटे साहेब कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं रे. माझ्या डोक्यात आलंच नाही.

तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही?" आणि चहा तसाच टाकून चपला शोधायला लागला.

मी यांच्या दुकानात गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा गेले. हे तोवर परत येऊन स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. मी म्हटलं, "वायरमन येऊन गेला." यांचा हात थांबला नाही. गुंडाळणं मध्ये थांबवलं की वेढे मोजायचे राहतात म्हणे. वेढा पुरा करून मग वर बघितलं.

"का नाही सांगितलंत मला?"

"तुला माहेर म्हणजे तो एकच आहे."

"आणि मी जे बोलत होते रोज?"

"बोलत होतीस."

"पंगतीत बोलले..."

म्हणाले, "पंगतीत बोललीस ते खोटं नव्हतं. खोटी सही मीच केली. त्याने वही पुढे केली, रडला, म्हणाला, ताईला कळलं तर ती मरेल. मी सही केली. त्या बाईच्या बाजूने बोलणारं एकच पान होतं, ते मी माझ्या हाताने खोटं ठरवलं. तेव्हा तू बोललीस ते मी घेतलं. दुसरं कोण बोलणार होतं मला?"

दुकानातला मालक ऐकत होता. मला त्याची लाज वाटली नाही. कशाचीच वाटली नाही.

आता तू लिही. खोडाखोड न करता लिही.


१९ जून १९९९

ताई,

खोडत नाही.

प्रॉडक्शन मॅनेजरच्या खुर्चीत बसून तेरा दिवस झाले होते. फ्रिजवाल्यांची ऑर्डर होती, त्यांची लाईन आमच्या बिजागऱ्यांवाचून बंद पडणार होती. सकाळच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "फोरमनचा मेहुणा म्हणून घेतला, आता मेहुणाच राहणार वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. तिथून उठून सरळ प्रेसवर गेलो.

भावोजींनी वहीत लिहिलं होतं, "एक बटण काढून हा प्रेस चालवू नये. माणसाचा हात जाईल." खाली सही, तारीख, वेळ. तिसऱ्या दिवशी हात गेला. बाईला गाडीत घालून पाठवलं आणि मी परत येऊन ते पान फाडलं. आवाज होऊ नये म्हणून हळूहळू फाडलं. मग नव्या पानावर मजकूर लिहिला आणि वही घेऊन तुमच्या क्वार्टरवर आलो. तुला आठवत असेल, तू विचारलंस, आज अचानक कसा? तू आत चहा करत होतीस तेवढ्या वेळात सही झाली. तू बाहेर आलीस तेव्हा मी डोळे पुसत होतो. तू विचारलंस, आणि मी म्हटलं, कचरा गेला.

सहा महिन्यांत परत घेतो हे मी मनापासून म्हणालो होतो. पुढे कळलं, ते परत आले तर रोज समोर दिसतील. मोठ्या साहेबांकडे मी विषय काढलाच नाही. एकदाही नाही.

तुला पटणार नाही, पण एक सांगतो. त्यानंतर माझ्या कारखान्यात एक नख उखडलेलं नाही. प्रत्येक पाळीला मी स्वतः प्रेसवरून फिरतो आणि दोन्ही बटणं माझ्या हाताने दाबून बघतो. लोक हसतात मला. याला काहीच किंमत नाही का?

एक तारखेला मला फॅक्टरीप्रमुख करणार आहेत. मोठे साहेब जातायत. एवढी तारीख जाऊ दे. मग माझ्या शब्दाला वजन येईल, मी भावोजींचं नाव कागदोपत्री साफ करून घेईन. त्याआधी काही करू नकोस, तुझ्या पाया पडतो. मी रविवारी येतो, भावोजींची समोरासमोर माफी मागतो.

छोटू


३० जून १९९९

छोटू,

रविवारी तू आलास तेव्हा घराला कुलूप होतं. ते मुद्दाम होतं. आम्ही तुझ्याच गावात होतो, त्या बाईच्या घरी.

मी ठरवून गेले होते. तिला सगळं सांगायचं, यांनी खोट्या सहीची लेखी कबुली द्यायची, वायरमनने साक्ष द्यायची, आणि तो कागद घेऊन एक तारखेच्या आत तुझ्या वरच्यांकडे जायचं. वायरमन तयार होता. यांना मी जवळजवळ ओढत नेलं.

दोन खोल्यांचं घर आहे. पत्र्याच्या दाराला कडी लावायची तर ती दार डाव्या कोपराने रेटून धरते. यांना बघून उठून उभी राहिली. "फोरमनसाहेब, बसा," म्हणाली. मी बोलायला सुरुवात केली, तर ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "ताई, हे तुम्ही मला सांगताय? बटण काढलं त्या दिवशी धाकटे साहेब माझ्या मशीनवर येऊन उभे राहिले. असं एका हाताने दाबायचं, असं दुसऱ्याने सरकवायचं. दहा नग स्वतः काढून दाखवले. हात माझा गेला, मला माहीत नसणार?"

दहा नग काढून दाखवलेस. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. खोडाखोड नव्हती खरी.

मी म्हटलं, "मग तुम्ही गप्प कशा राहिलात?"

"दवाखान्यातच कागद आणला होता त्यांनी. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही असं लिहिलेलं. सही केली तर स्टोअरची खिडकी, कायमची. उजव्या हाताने सही केली. दोन मुलं होती पदरात, काय करणार? पाण्यात राहायचं तर माशाशी वैर धरता येत नाही." मग यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही सही केलीत, मीही केली. मी तुम्हाला कशाला बोल लावू?"

हे म्हणाले, "मला लावा. मला बरं वाटेल."

तिने लावला नाही. कपाटातून एका हाताने कप काढायला लागली.

मी माझा कागद पुढे केला. तिने वाचलाही नाही. म्हणाली, "ताई, तुमचं मन मोकळं होईल, फोरमनसाहेबांचं नाव साफ होईल. पण माझी सही खोटी ठरली की खिडकी जाईल. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. तीन बोटांच्या बदल्यात मिळालेली जागा आहे ती, तुमच्या खऱ्यापायी घालवू नका." वाकडेपणा नव्हता तिच्या बोलण्यात. दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणतो तसं म्हणाली.

मी कागद परत घेतला. तिच्या दारातच फाडला.

तेव्हा निश्चिंत राहा. एक तारखेला तुझं सगळं सुरळीत होईल. तुला कुणी वाचवलं ते मात्र लक्षात ठेव. यांनी माझ्यासाठी, तिने मुलांसाठी आणि आता मी तिच्यासाठी. तुझ्यासाठी कुणीच काही केलेलं नाही. यांचं नाव साफ करायचं तू लिहितोस, ते करू नकोस. त्यालाही तिचीच सही आड येते. तिने सांगितलं, तू खिडकीसमोरून रोज जातोस आणि सहा वर्षांत एकदाही आत बघितलं नाहीस. एक नख उखडू दिलं नाही म्हणतोस, त्याची किंमत विचारतोस. ती मला विचारू नकोस. त्या खिडकीत जाऊन विचार.

आणि इथे येऊ नकोस. तू आलास तर हे तुला माफ करतील. रविवारीच म्हणाले, "पोरगा उन्हातून येऊन परत गेला असेल." तू दारात उभा राहिलास की हे आत बोलावतील, स्टूल देतील, मशीनचं विचारतील. मला ते बघवणार नाही.

माझं म्हणशील, तर मीही त्यांची माफी मागितली. "झालं गं," म्हणाले. भांडले असते, एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. आता मी रोज संध्याकाळी विचारते, आज दुकानात काय झालं, कुणाची मोटार आली, मालक काय म्हणाला. पूर्वी मला सगळं सांगायचे, कारखान्यातून आले की तासभर. सहा वर्षांत ती सवय मीच मोडली.

काल पुन्हा विचारलं. म्हणाले, "काही नाही." मग मला वाईट वाटू नये म्हणून थोडं थांबून म्हणाले, "तार चांगली आली होती."

ताई